परदेशगमन आणि भाषालाभ

ठाण्याच्या माजिवड्यापासून वाघबीळ, कासारवडवली व गायमुख ह्या गांवांवरून जो घोडबंदर रस्ता जातो, त्याच्या दुतर्फा आज उंच इमारतींची दाटी झाली आहे. तेथील सुशिक्षित कुटुंबांत एक प्रश्न हल्लीं चर्चिला जातो. मुलगी महाविद्यालयांत स्पॅनिश शिकते. ती भाषा पक्की व्हावी म्हणून तिला एक सत्र स्पेनला पाठवावें काय? वाङ्मयाच्या मासिकानें ह्या घरगुती प्रश्नांत कां पडावें, असें कोणी विचारील. परंतु परभाषेसाठीं घर सोडणाऱ्यांचे अनुभव व त्यांचीं फळें मराठींत ग्रंथरूपानें उपलब्ध आहेत, आणि त्यांपैकीं दोन ग्रंथ ह्या दृष्टीनें पुनः वाचण्याजोगे आहेत.

पहिला ग्रंथ ह्याच किनारपट्टीच्या इतिहासाशीं निगडित आहे. ज्या बंदराचें नांव ह्या रस्त्यास मिळालें, तें मराठ्यांनीं १७३७ सालीं जिंकण्यापूर्वीं पोर्तुगीजांकडे होतें. आणि १५८० पासून १६४० पर्यंत पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजांच्याच मस्तकीं होता. म्हणजे साठ वर्षें येथें नांवानें तरी स्पेनच्या राजाचा अंमल होता. त्याच सुमारास, १५७९ सालीं, थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री गोव्यास उतरला, आणि १६१६ सालीं त्याचें ‘क्रिस्तपुराण’ रायतूर येथें रोमन लिपींत छापून निघालें. पुढें १६४० सालीं, त्याच्या मृत्यूनंतर, त्यानें केलेलें येथील भाषेचें व्याकरणही प्रसिद्ध झालें. त्याचा हेतु धर्मप्रसाराचा होता, हें लपविण्याचें कारण नाहीं. परंतु सुमारें अकरा हजार ओंव्या परक्या भाषेंत रचणें हें केवळ व्याकरणाच्या बळावर होत नसतें. स्वर्गास तो वैकुंठ म्हणतो; आपल्या धर्माची कथा तो पुराणाच्या घाटांत बसवितो. श्रोता कोणत्या शब्दानें मान डोलावील, हें ज्यास ठाऊक आहे त्याचीच ही लेखणी. सदतीस वर्षांचा सहवास हा त्या ग्रंथाचा खरा पाया होय.

दुसरा ग्रंथ धर्मानंद कोसंबी यांचें ‘निवेदन’. गोव्यांतील सांखवाळच्या ह्या तरुणानें १८९९ सालीं घर सोडलें. पुण्यास व काशीस संस्कृताचा अभ्यास केला. आणि १९०२ सालीं पालि शिकण्यासाठीं सिंहलद्वीप गांठून कोलंबोच्या विद्योदय विद्यालयांत सुमंगलाचार्यांचें शिष्यत्व पत्करलें. पुढें ते ब्रह्मदेशांतही राहिले. घरीं पत्नी व लहान मुलगी होती. ह्या त्यागाची टोंचणी पुस्तकांतून लपत नाहीं. भाषा साधी, आव कोठेंच नाहीं, स्वतःची हेळसांडही सरळ सांगितलेली, हे ह्या आत्मवृत्ताचे मोठे गुण आहेत. एक उणीव मात्र आम्हांस जाणवते. पालि त्यांना कसकशी उमगत गेली, कोणती अडचण कशी सुटली, ह्या विषयीं लेखकाचा हात आखडता आहे. प्रवासाच्या मुक्कामांना जितकी जागा मिळाली, तितकी अभ्यासाच्या मुक्कामांना मिळालेली नाहीं. ज्यानें ह्या विषयांत सर्वांत जास्त सांगावयाचें, त्यानेंच संकोच करावा, ह्याची चुटपुट लागते.

तरी दोन्ही ग्रंथांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. कोसंबी रिकाम्या हातानें गेले नाहींत. संस्कृताची शिदोरी त्यांच्याजवळ होती. आणि ते रिकाम्या हातानें परतलेही नाहींत. फर्ग्युसन महाविद्यालयांत त्यांनीं पालि शिकविली, ‘भगवान बुद्ध’ मराठींत लिहिलें. परदेशगमनाची कसोटी हीच: जातांना काय नेलें, तेथें कोणांत मिसळलें, आणि परत येऊन घरच्या भाषेस काय दिलें.

ही कसोटी स्पॅनिशच्या विद्यार्थ्यास लावून पाहूं. त्याची शिदोरी मराठी आहे, पण तिची त्याला जाणीवच नसते. स्पॅनिशमध्यें ‘मला आंबा आवडतो’ हें ‘मे गुस्ता एल मांगो’ असें म्हणतात, आणि आंबे अनेक झाले कीं ‘गुस्ता’चें ‘गुस्तान’ होतें. जसें आपलें ‘आवडतो’चें ‘आवडतात’. आवडणारी वस्तु कर्ता, आणि ज्यास आवडते तो चतुर्थींत. रचना हुबेहूब तीच! इंग्रजींतून शिकविणारा शिक्षक ही रचना समजावून देतांना घामाघूम होतो आणि मराठी मुलगाही तिला अवघड म्हणून घोकतो. ‘त’ आणि ‘द’ दंत्य म्हणावेत, इंग्रजीसारखे नव्हेत, हेंही त्याला मराठीनें आधींच शिकविलेलें असतें. बटाटा, चावी, पगार, बिजागरी हे शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांतून आले. त्यांचीं भावंडें स्पॅनिशमध्यें जागोजाग भेटतात. इंग्रजीच्या ओंजळीनें पाणी पिण्याची संवय लागल्यामुळें ही घरची विहीर आपणांस दिसत नाहीं.

मग परदेशीं जाऊं नये काय? आमचें मत तसें नाहीं. बाजारांत भाव करतांना, यजमानीण रागावली असतां तिची समजूत घालतांना जी भाषा लागते, ती वर्गांत मिळत नाहीं. परंतु पांच महिने आपल्याच देशबांधवांबरोबर एका खोलींत राहून इंग्रजींत गप्पा मारल्या, तर समुद्र ओलांडूनही घोडबंदर रस्ता सुटत नाहीं. म्हणून निघण्यापूर्वीं येथेंच व्याकरण व वाचन पक्कें करावें. दिल्लीच्या सेर्व्हांतेस संस्थेच्या परीक्षांनीं आपली पायरी अजमावावी. आणि तेथें स्पॅनिश कुटुंबांतच राहण्याचा आग्रह धरावा. ज्यांना हा खर्च झेपत नाहीं, त्यांनींही खंत करूं नये. शिदोरी बांधण्याचें काम घरींच व्हावयाचें असतें.

शेवटीं परतभेटीचा प्रश्न उरतो. ‘क्रिस्तपुराण’ छापलें गेलें त्याच १६१६ सालीं ‘दोन किहोते’चा कर्ता सेर्व्हांतेस वारला, दोघेही एकाच राजाच्या अमलाखालीं लिहीत होते. परका पाद्री आपली भाषा शिकून तिच्यांत ग्रंथ ठेवून गेला. आपलीं मुलें सेर्व्हांतेसची भाषा शिकून आलीं, म्हणजे त्यांनीं केवळ प्रमाणपत्र भिंतीस लावूं नये. मूळ स्पॅनिशवरून थेट मराठींत एखादी कथा तरी उतरवावी. आईबापांनीं खर्चाचा हिशेब करतांना ही बाबही जमेच्या बाजूस मागून घ्यावी.