स्त्रीमंडळांची बायबल-अभ्यासपुस्तके : एक भाषिक परीक्षण

चर्चच्या स्त्रीमंडळांत बायबलच्या अभ्यासासाठी जी मराठी पुस्तके वापरली जातात, त्यांचे परीक्षण बहुधा सिद्धान्ताच्या दृष्टीने होते. मजकूर मताला धरून आहे एवढे दिसले, की परीक्षकाचे समाधान होते. परंतु ही पुस्तके मोठ्याने वाचावयाची असतात आणि त्यांतील प्रश्नांना चारचौघींत तोंडी उत्तरे द्यावयाची असतात. ज्या भाषेत स्वतःचे मत मांडता येत नाही, त्या भाषेतील प्रश्नासमोर बाई गप्प बसते, आणि तिच्या मौनाला अज्ञान समजले जाते. म्हणून येथे भाषा ही गौण बाब मानता येत नाही.

मुंबईच्या उपनगरांत ही अडचण अधिक जाणवते. मरोळ, आंबोली, मंडपेश्वर या बाजूच्या ईस्ट इंडियन घरांतील बोलीत पोर्तुगीज शब्द मिसळलेले आहेत. देशावरून आलेल्या कुटुंबांच्या कानांवर अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतील ग्रांथिक मराठी आहे. आणि अनेक तरुण स्त्रियांचे शिक्षण इंग्रजीतून झालेले आहे. या सर्वांच्या हाती एकच पुस्तक येते आणि ते पुष्कळदा इंग्रजीवरून उतरविलेले असते.

पूर्वी श्रोत्यांचा विचार झालेलाच नव्हता, असे मात्र नव्हे. फ्रान्सिस्कु वाझ द गिमारायश यांचे १६५९ साली लिस्बन येथे छापलेले पुराण या किनाऱ्यावरील ख्रिस्ती लोकांसाठीच रचले गेले. पंडिता रमाबाईंचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. प्रचलित भाषांतर सामान्य स्त्रियांना कळत नाही आणि त्यातील संस्कृतप्रचुर शब्द आपल्यासोबत वेदान्ती अर्थच्छटा आणतात, हे ओळखून त्यांनी हिब्रू व ग्रीक यांचे अध्ययन केले आणि संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. १९२२ साली मृत्यूपूर्वी त्यांनी हे काम पुरे केले. १९२४ मध्ये ग्रंथ केडगावच्या मुक्ती मिशनमधून छापून निघाला. त्यांची भाषा सर्वत्र साधली आहे असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. मुळाशी इमान राखताना वाक्य कधी कधी अवघडते. पण त्यांनी घेतलेली कसोटी आजही योग्य आहे.

त्या कसोटीला इंग्रजीवरून केलेली पुस्तके का उतरत नाहीत, हे काही स्थळांवरून दिसेल. काना येथील लग्नात येशू आपल्या आईला ज्या शब्दाने हाक मारतो, तो इंग्रजीत रूक्ष वाटतो. म्हणून इंग्रजी टीकाकारांना त्याचे समर्थन करावे लागते. मराठीत ‘बाई’ या संबोधनात अनादर मुळीच नाही. तरीही ते समर्थन जसेच्या तसे उतरविले, तर नसलेली शंका आपणच निर्माण केली असे होते.

याउलट, मराठीत जो प्रश्न खरोखर उद्भवतो, तो अशा पुस्तकांत येतच नाही. वादळात सापडलेले शिष्य येशूला जागे करून म्हणतात ते ‘आम्ही बुडतो’ की ‘आपण बुडतो’? ग्रीकमध्ये हा भेद नाही, इंग्रजीतही नाही. सर्वनाम गाळून भाषांतरकाराला सुटका करून घेता येते, कारण मराठीत दोहोंचे क्रियापद एकच. परंतु ‘आम्ही’ म्हटले तर येशू संकटाबाहेर राहतो आणि ‘आपण’ म्हटले तर तो त्याच नावेत बसतो. एवढ्या एका शब्दावर तासभर चर्चा होऊ शकेल, आणि तिच्यासाठी धर्मशास्त्राची पदवी लागणार नाही.

शोमरोनी स्त्रीचा प्रसंगही असाच आहे. विहिरीवर भेटलेल्या परक्या यहूदी पुरुषाशी ती बोलू लागते, आणि पुढे त्याला संदेष्टा म्हणते. ग्रीकमध्ये मध्यमपुरुषी एकवचन अखेरपर्यंत एकच राहते. मराठीत ‘तू’वरून ‘तुम्ही’वर कोठे यावे, की प्रारंभापासूनच ‘तुम्ही’ ठेवावे, हे ठरवावे लागते. सासरी-माहेरी, बाजारात, कचेरीत कोणाला ‘तू’, कोणाला ‘अहो’ म्हणावे याचा निर्णय रोज करणाऱ्या स्त्रियांइतका या बाबतीत अधिकारी वाचक दुसरा कोण?

अभ्यासप्रश्नांविषयी थोडेच सांगावयाचे आहे. मार्थेने काय केले, असे विचारले की उत्तर उताऱ्यातच सापडते. तिची तक्रार रास्त होती काय, असे विचारले तर स्वयंपाकघर सोडून मंडळात येऊन बसलेली प्रत्येक बाई काहीतरी सांगू शकते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’नंतर वाचनीय मराठी पाठाची उणीव बरीच कमी झाली आहे, प्रश्न मात्र अद्याप मराठीतून सुचलेले दिसत नाहीत. असे पुस्तक छापण्यापूर्वी मरोळच्या आणि मुलुंडच्या मंडळांत ते एकदा वाचून पाहावे, आणि कोणत्या प्रश्नाशी सगळ्या थांबतात याची नोंद करावी.