असीरगडच्या दोन दगाबाजी

वर्गात फारुकी घराण्याची गोष्ट सांगताना मी ती नेहमी दोन दगाबाजींवर उभी करीत आलो. गोष्ट रंगते, मुले टाळ्या पिटतात. पण मीही थोडेफार कादंबरीलेखन करतो आणि त्या नात्याने पाहिले तर तिची घडण मला अलीकडे खटकू लागली आहे. ती घडण येथे तपासून पाहतो.

गोष्ट थोडक्यात अशी. अरबस्तानातील दुसरे खलिफा उमर फारूक यांचे वंशज म्हणविणारा मलिक राजा याला १३७० साली फिरोजशहा तुघलकाने तापीकाठचे थाळनेर जहागीर दिले. १३८२ पासून तो स्वतंत्र झाला. त्याचा मुलगा नासिरखान. असीरगड तेव्हा आसा अहिराकडे होता. फिरिश्ता हा इतिहासकार लिहितो की, शत्रूचे भय सांगून नासिरखानाने आपल्या बायकामुलांसाठी गडावर आसरा मागितला आणि आसाने तो दिला. आधी डोल्यांतून बायका आल्या, मग हत्यारबंद शिपाई. आसा मुलांसह मारला गेला.

दोनशे वर्षांनी, जानेवारी १६०१ मध्ये, अकबराने तोच गड घेतला. त्याच्या छावणीतील जेझुइट पाद्र्यांच्या हकिगतीप्रमाणे बहादूरखान फारुकीला शपथेवर बोलावून अडकवले आणि लाच चारून गड फोडला. दग्याने आले, दग्याने गेले!

टीकाकाराने थांबावे ते येथेच. अकबराच्या बाजूचे लेखक गडावरच्या रोगराईचे कारण देतात, लाचेचे नाव काढीत नाहीत. मग आपण दग्याचीच हकिगत का उचलतो? तिने गोष्टीची दोन टोके जुळतात म्हणून. आणि टोके जुळली की मधली दोनशे वर्षे कोणी विचारीत नाही.

खरी कथा त्या मधल्या वर्षांत आहे. उत्तरेस माळवा, पश्चिमेस गुजराथ, दक्षिणेस बहमनी आणि पुढे अहमदनगर. एका शेजाऱ्याच्या भिंतीला टेकून दुसऱ्याला थोपवायचे, एवढ्यावर हे लहानसे राज्य जगले. त्याने बुऱ्हाणपूर वसवले आणि दुसऱ्या आदिलखानाच्या कारकिर्दीत (१४५७ ते १५०१) वैभव पाहिले. १५३७ साली गुजराथचा सुलतान वारला, तेव्हा त्याचा भाचा मीरान मुहम्मद फारुकी याला त्या गादीचे बोलावणे आले आणि तो वाटेतच मरण पावला. कादंबरीत असे लिहिले तर ओढूनताणून आणले म्हणतील!

पुढे माळवा गेला. १५७३ पर्यंत गुजराथही अकबराच्या हाती आली. टेकायला भिंतच उरली नाही. राजा अलीखानाने अकबराची बाजू धरली आणि १५९७ मध्ये दख्खनी फौजांशी लढताना तो पडला. मुलगा बहादूर फिरला, पण आता तो एकटा होता. हे राज्य पापाने बुडाले असे म्हणणे सोपे आहे. ते बुडाले ते शेजार संपल्याने.

यंदा एका मुलाने विचारले, "गुरुजी, म्हणजे अकबरानं आसाचा सूड घेतला?" मला उत्तर सुचेना. अकबर आसाचा कोण लागत होता? गड काही अहिरांना परत मिळाला नाही. शाहजादा दानियालच्या नावावरून खानदेशाचे 'दानदेश' तेवढे झाले. माझ्या गोष्टीने त्या पोराला नसलेला न्याय दाखवला होता.

तोच फिरिश्ता आणखी एक सांगतो. दुष्काळ पडला तेव्हा आसाने बायकोच्या सांगण्यावरून आपली कोठारे उघडली आणि गडाच्या तटाचे काम काढून गोरगरिबांना पोटाला लावले. हे मी आजवर दोन वाक्यांत उरकीत असे, कारण त्यात दगा नव्हता. आता मी गोष्ट त्या कोठारापासून सुरू करतो. टाळ्या कमी पडतात, पण मुले प्रश्न जास्त विचारतात.