समूहविकासाचे धोरण आणि सावित्रीचे खोरे : एक परीक्षण

लघुउद्योगांच्या प्रश्नाचा विचार करताना ‘समूह’ ही कल्पना अलीकडे इतकी सर्वमान्य झाली आहे की, तिच्या मूळ गृहीतांची चिकित्सा करण्याची आवश्यकता कोणास फारशी भासत नाही. शासकीय परिभाषेत जिला ‘क्लस्टर’ म्हणतात, त्या कल्पनेचा उगम आल्फ्रेड मार्शल याच्या १८९० साली प्रसिद्ध झालेल्या अर्थशास्त्रविषयक ग्रंथात आहे. एकाच धंद्यातील अनेक लहान कारखाने एका ठिकाणी नांदू लागले म्हणजे कुशल मजूर सहज मिळतो, पूरक व्यवसाय उभे राहतात आणि धंद्यातील ज्ञान एकमेकांत पसरते, असे त्याचे प्रतिपादन होते. इटलीतील प्रातोसारख्या कापडनगरींच्या आधारे जाकोमो बेकात्तिनी याने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या विचाराला नवे रूप दिले. भारतात केंद्र शासनाने २००३ पासून समूहविकासाची योजना हाती घेतली, २००७ मध्ये तिला आजचे नाव मिळाले, आणि महाराष्ट्र शासनानेही आपली पूरक योजना काढली. ज्या अनुभवातून ही कल्पना जन्मली तो अनुभव महाडला कितपत लागू पडतो, हा प्रस्तुत परीक्षणाचा विषय होय.

महाडची औद्योगिक वसाहत ही कोणत्याही स्थानिक कारागिरीचे फळ नव्हे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि १९६४ पासून शासनाने सामूहिक प्रोत्साहन योजना सुरू केली. मुंबई-ठाणे-पुणे या पट्ट्यात दाटलेले उद्योग मागास तालुक्यांकडे वळवावेत, हा दोहोंमागील एक प्रमुख हेतू होता. मुंबई-गोवा मार्ग, सावित्रीचे पाणी आणि सवलतीची जमीन यांमुळे महाडच्या वसाहतीत मुख्यतः रासायनिक कारखाने आले. प्रातोचे विणकर पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना ओळखत होते. महाडचे कारखानदार एकमेकांचे शेजारी झाले ते भूखंडांच्या वाटपाने. शिवाय रसायनाच्या धंद्यात प्रक्रियेचे गुपित हेच भांडवल असते. रंगद्रव्ये वा औषधे यांचे मध्यवर्ती पदार्थ करणारा लहान कारखाना आपले ज्ञान शेजाऱ्यास देत नाही. त्याचा खरा संबंध दूरच्या ग्राहकाशी असतो. तेव्हा मार्शलप्रणीत तीन लाभांपैकी ज्ञानप्रसाराचा लाभ येथे दुर्बळच राहणार, हे उघड आहे.

जागतिकीकरणाचा आघात अशा कारखान्यांवर एकाच दिशेने झालेला नाही. आयातीवरील उरलेले संख्यात्मक निर्बंध १ एप्रिल २००१ रोजी उठले. २००५ मध्ये औषधी पदार्थांसाठी उत्पादन-स्वामित्वाचा कायदा लागू झाला. लघुउद्योगांसाठी वस्तू राखून ठेवण्याची १९६७ पासूनची पद्धत २०१५ मध्ये पूर्णतः संपुष्टात आली. एकीकडे संरक्षणाचे कवच असे गळून पडत असता दुसरीकडे चिनी मालाची स्पर्धा वाढली. या सर्वांहून सूक्ष्म, पण अधिक दूरगामी परिणाम झाला तो युरोपीय संघाच्या २००७ पासून अमलात आलेल्या ‘रीच’ या रसायन-नियमावलीचा. वर्षाला एक टन वा त्याहून अधिक प्रमाणात तेथे जाणाऱ्या प्रत्येक पदार्थाची नोंदणी तिने आवश्यक केली. युरोपबाहेरील उत्पादकास ती स्वतः करता येत नाही, एक तर आयातदाराने ती करावी किंवा उत्पादकाने तेथील प्रतिनिधी नेमावा लागतो. चाचण्यांचा आणि माहितीसंकलनाचा खर्च कारखान्याच्या आकाराप्रमाणे कमी होत नाही. मोठ्या कंपनीस जो किरकोळ वाटावा, तोच लहान कारखान्यास बाजाराबाहेर ढकलतो.

या दृष्टीने पाहता समूहविकास योजनेचा आराखडा अपुरा वाटतो. काही उद्योजकांनी एकत्र येऊन स्वतंत्र संस्था स्थापावी, सामाईक सुविधा केंद्राचा प्रस्ताव द्यावा आणि प्रकल्पखर्चाचा मोठा भाग अनुदानरूपाने मिळवावा, अशी तिची साधारण रचना आहे. इमारत आणि यंत्रसामग्री यांना अनुदान मिळते. परंतु केंद्र चालविणारा रसायनतज्ज्ञ, चाचणीच्या प्रमाणपत्रास परदेशात मिळणारी मान्यता आणि बदलत्या नियमांची अद्ययावत माहिती यांचा आवर्ती खर्च शेवटी सभासदांवरच पडतो. जे मोजता येते त्यालाच साहाय्य, हा शासकीय योजनांचा जुना दोष येथेही दिसून येतो. पाकिस्तानातील सियालकोटचे उदाहरण येथे बोधप्रद ठरते. १९९४ मध्ये अमेरिकेने तेथील शस्त्रक्रियेच्या हत्यारांच्या आयातीवर गुणवत्तेच्या कारणास्तव निर्बंध घातले, तेव्हा तेथील उत्पादकांची संघटना व शासन यांनी मिळून गुणवत्तेचे प्रशिक्षण व प्रमाणन हाती घेतले. समूह टिकला तो एका समान संकटाला दिलेल्या समान उत्तरामुळे.

महाडमध्ये असे समान संकट कोणते, याचे उत्तर सांडपाण्यात सापडते. वसाहतीतील सामुदायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र हीच तेथील खरीखुरी समूहसंस्था होय. ज्ञान वाटून घेण्यास कारखानदार नाखूष असले, तरी सांडपाणी त्यांना वाटून घ्यावेच लागते. एकाने प्रमाणाबाहेरचे पाणी सोडले तर प्रक्रियेचा भार सर्वांवर पडतो आणि अपकीर्ती संपूर्ण वसाहतीची होते. अशा व्यवस्थेत प्रामाणिक सभासदाने कसूर करणाऱ्याचा खर्च सोसावा, हा अन्याय अंगभूतच आहे. त्याहून मोठा अन्याय असा की, सावित्रीच्या खाडीवर उपजीविका करणारा कोळी या संस्थेचा सभासद नाही. समूहाच्या व्याख्येत तो बसत नाही. समूहाच्या परिणामांतून मात्र तो सुटत नाही.

कडक नियमांनी लहान कारखाने बंद पडतील, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो निराधार नाही. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष नियम सैल करण्याचा नसून साहाय्याची दिशा बदलण्याचा आहे. प्रत्येक कारखान्याच्या तोंडाशी पाण्याचे मापन, प्रमाणानुसार आकारणी, सुरक्षेचे प्रशिक्षण, समाईक परीक्षणशाळा आणि नोंदणीचे संयुक्त साहाय्य यांवर सार्वजनिक पैसा खर्च झाला, तर तोच खर्च निर्यातक्षमताही वाढवील. नोव्हेंबर २०२३ मध्ये याच वसाहतीतील एका औषधी कारखान्यात स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले. सुरक्षा ही स्पर्धाशक्तीच्या आड येणारी बाब नसून तिची पूर्वअट आहे, हे त्यावरून ध्यानी यावे.

पोलादपूरचा विचार केल्यावर धोरणातील दुसरी उणीव स्पष्ट होते. सवलतींची वर्गवारी तालुकावार असते. सावित्री मात्र महाबळेश्वरी उगम पावून पोलादपुरातून महाडला येते. वरच्या डोंगराळ तालुक्यात कारखान्यांचा असा विस्तार नाही. तेथील माणसे दीर्घकाळ मुंबईच्या वाटेने गेली. गिरण्या बंद पडल्यावर ती वाटही अरुंद झाली. २ ऑगस्ट २०१६ रोजी महाडजवळ सावित्रीवरील जुना पूल पुरात वाहून गेला आणि महामार्गावर अवलंबून असलेल्या या प्रदेशाचे दुबळेपण उघडे पडले. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाड शहर पाण्याखाली गेले, तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली आणि पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर-सुतारवाडी येथेही बळी गेले. डोंगर, नदी, वसाहत आणि खाडी हा एकच प्रदेश आहे. धोरणाच्या कागदांवर मात्र त्यांची चार वेगवेगळी खाती आहेत.

सारांश, समूहाची कल्पना त्याज्य नाही. तिचे यांत्रिक अनुकरण मात्र त्याज्य आहे. महाडच्या कारखान्यांना एकत्र बांधणारे सूत्र कौशल्याच्या परंपरेत शोधून सापडणार नाही. ते त्यांच्या सामाईक उत्तरदायित्वात आहे. प्रादेशिक साहाय्याची कसोटी किती केंद्रे उभी राहिली ही नसावी. लहान कारखाना परक्या बाजारात उभा राहू शकला का, पोलादपूरच्या तरुणास खोऱ्यातच सुरक्षित काम मिळाले का आणि खाडीच्या मुखाकडील कोळ्याच्या जाळ्यात मासळी उरली का, या तीन प्रश्नांची एकत्रित उत्तरे हीच ती कसोटी होय. यांपैकी एकाचे उत्तर दुसऱ्याच्या किमतीवर मिळत असेल, तर त्यास विकास म्हणणे धाडसाचे ठरेल.