तिप्पट, पण कशाच्या?

‘एंडोमेट्रिऑसिस असल्यास बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोका तिप्पट’ हे वाक्य आरोग्यविषयक सदरांतून वारंवार वाचायला मिळते. ते खोटे नाही, पण आमच्या मते अर्धवट आहे. १३ अभ्यासांची माहिती एकत्र करून २०१२ साली जे विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात तिप्पट हा आकडा होता तो ‘क्लिअर सेल’ या कमी आढळणाऱ्या प्रकारापुरता. सर्वांत जास्त आढळणाऱ्या उच्च श्रेणीच्या सीरस प्रकाराशी तर संबंधच दिसला नव्हता. शिवाय तिप्पट कशाच्या? अमेरिकेत सर्व प्रकार धरूनही या कर्करोगाचा आयुष्यभराचा धोका शंभर स्त्रियांत एकीहून किंचित जास्त, एवढाच आहे. (टक्केवारी शिकवताना हे उदाहरण घ्यायला हरकत नाही.)

‘दाहामुळे कर्करोग’ हे स्पष्टीकरणही घाईचे आहे. गर्भाशयाबाहेर वाढलेल्या अस्तरात रक्तस्राव होतो, दीर्घकाळ दाह राहतो, हे खरे. पण कर्करोगाशी निगडित उत्परिवर्तने कर्करोग नसलेल्या स्त्रियांच्या अशा ऊतींतही २०१७ साली सापडली. म्हणजे उत्परिवर्तन झाले की कर्करोग झालाच, असे नाही.

या सदरांत वेदनेबद्दल मात्र एखादी ओळही नसते. ‘पाळीत दुखायचंच’ असे ऐकत ती सोसणारी एखादी मुलगी आपल्याच वर्गात असू शकते. तिने डॉक्टरांकडे जायला हवे ते त्या दुखण्यासाठी.