हात फिरवण्याची कला : छायाचित्र-संस्करणातील सौम्यतेचा विचार

लेखावर, चित्रावर किंवा भिंतीच्या गिलाव्यावर ‘शेवटचा हात फिरवणे’ हा वाक्प्रचार मराठीत ज्या अर्थाने रूढ आहे, त्याच अर्थाने छायाचित्राच्या संस्करणाकडे पाहिले, तर या कलेची पहिली अट आपोआप स्पष्ट होते : हात फिरला पाहिजे, पण त्याचे वळ उठता कामा नयेत. संस्करण म्हणजे छायाचित्र टिपल्यानंतर त्याच्या उजेडात, रंगात, पोतात किंवा आशयात हेतुपूर्वक केलेला बदल. स्टुडिओच्या बोलीत त्याला एडिटिंग, रिटचिंग किंवा नुसते टच-अप म्हणतात. ‘नॅचरल ठेवा’ ही मागणी आज लग्नाचा अल्बम करून घेणाऱ्या कुटुंबापासून मासिकाच्या संपादकापर्यंत सर्वांच्या तोंडी असली, तरी नॅचरल म्हणजे नेमके काय हा विचार बहुधा ‘जरा कमी करा’ एवढ्यावरच थांबतो. सौम्यता ही बदलाच्या मापाने मोजायची असते, हे त्यामागचे गृहीतकच मुळात तपासून पाहण्याजोगे आहे.

बदल न केलेले छायाचित्र अशी वस्तू शोधू गेल्यास ती सापडत नाही. बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या सेन्सरला रंग कळत नाही; त्याच्या प्रत्येक प्रकाशबिंदूवर लाल, हिरवी किंवा निळी अशी एकेकच गाळणी बसवलेली असते, त्यांपैकी निम्म्या गाळण्या हिरव्या असतात, आणि प्रत्येक बिंदूचे उरलेले दोन रंग शेजाऱ्यांकडे पाहून गणिताने भरून काढले जातात. ‘रॉ’ फाइल, म्हणजे सेन्सरने नोंदवलेली जवळजवळ कच्ची आकडेवारी, १४ बिटांची असेल तर तीत उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या मावतात, तर नेहमीच्या जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगासाठी २५६ पायऱ्याच उरतात. साहजिकच कोणत्या पायऱ्या राखायच्या आणि कोणत्या सोडायच्या हा निर्णय कोणीतरी घेतलेलाच असतो. ‘नो फिल्टर’ असे अभिमानाने लिहिले जाते तेव्हा तो निर्णय छायाचित्रकाराऐवजी कॅमेरा बनवणाऱ्या अभियंत्याने घेतला, एवढाच त्याचा अर्थ होतो.

प्रमाणाचा निकष किती लंगडा आहे, हे अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सच्या ‘मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको’ या १९४१ सालच्या छायाचित्रावरून जितके उघड होते तितके क्वचितच दुसऱ्या कशावरून होईल. संध्याकाळच्या उतरत्या उन्हात चमकणारे क्रूस, मागे लहानसे गाव, त्यावर ढगांची पांढरी पट्टी आणि वर चंद्र, असे हे दृश्य. घाईत उजेडमापक सापडला नाही, तेव्हा चंद्राच्या माहीत असलेल्या तेजावरून हिशेब करून अ‍ॅडम्सने ते टिपले. खालच्या भागाची निगेटिव्ह विरळ राहिली, म्हणून १९४८ मध्ये तेवढाच भाग रसायनाने गडद करून घेतला. सुरुवातीच्या प्रतींत चंद्राभोवतीच्या आकाशात फिकट ढग स्पष्ट दिसतात. पुढच्या दशकांतील प्रतींत ते आकाश जवळजवळ काळे होत गेले. हा बदल लहान म्हणता येणार नाही, पण त्या काळ्या आकाशाखाली उभे राहून कोणालाही खोटेपणा टोचत नाही, कारण अ‍ॅडम्सने उजेडाची दिशा, उगम आणि उतार यांना कोठेही धक्का लावलेला नाही. तरुणपणी पियानोवादक होण्याची तयारी केलेला हा छायाचित्रकार निगेटिव्हला संगीताच्या लिखित संहितेची आणि प्रतीला वादनाची उपमा देत असे; मराठी वाचकाला बंदिश आणि तिची मांडणी हे नाते अधिक जवळचे वाटेल, कारण तेथेही बंदिश तीच राहून गायकाच्या वयाबरोबर मांडणी पालटते आणि त्याबद्दल कोणी गायकाला अप्रामाणिक ठरवत नाही.

याच्या उलट टोकाला एखाद्या चेहऱ्यावरील डोळ्यांखालची सावली पूर्ण पुसण्याचे उदाहरण घेता येईल. क्षेत्रफळाने हा बदल नखाएवढा असतो. परंतु डोळा कवटीच्या खोबणीत बसलेला असल्यामुळे वरून येणाऱ्या उजेडात त्याखाली सावली पडणे अटळ असते. ती साफ केली की खोबणच नाहीशी होते आणि डोळे चेहऱ्यावर चिकटवल्यासारखे दिसू लागतात. जाणता कारागीर ती सावली निम्म्याने उचलतो आणि तिचा आकार तसाच ठेवतो. सावली पार पुसलेली असली की पाहणाऱ्याला नेमके काय खटकले ते सांगता येत नाही, पण खटकते हे नक्की. कारण उजेड कसा वागतो हे माणसाच्या डोळ्याला जन्मभराच्या सवयीने ठाऊक असते. म्हणून नैसर्गिकतेची कसोटी लावायची तर ती उजेडाच्या तर्कावर लावावी लागते, आणि त्या तर्काला धरून केलेला मोठा बदलही पचतो, तर त्याविरुद्ध केलेला इवलासा बदलही डोळ्यांत सलतो.

या कसोटीवर जुन्या स्टुडिओंचे काम पाहिले तर त्याविषयीचा प्रचलित हळवेपणा टिकत नाही. काचेच्या किंवा मोठ्या फिल्मच्या निगेटिव्हवर रिटचिंग करणारा कारागीर उतरत्या फळीच्या डेस्कवर, मागून उजेड घेऊन, सुईसारखे टोक काढलेल्या पेन्सिलीने काम करीत असे. सुरकुती ही प्रतीत काळी रेघ असते, म्हणजे निगेटिव्हमध्ये ती पारदर्शक असते; त्या पारदर्शक रेघेत स्वल्पविरामाएवढे फटकारे भरले की प्रतीत सुरकुती फिकी होते. उलट एखादी जागा गडद हवी असल्यास पातळ पात्याने निगेटिव्हचा थर खरवडावा लागे, आणि खरवडलेले परत भरून येत नसे. ही सारी मेहनत संयम शिकवणारी होती असे म्हटले जाते; पण घराघरांत हार घातलेल्या तसबिरींकडे नीट पाहिले तर अनेक चेहरे मेणाचे झालेले, वयाच्या खुणा पार धुऊन गेलेले दिसतात. हिंदुस्थानात तर एकोणिसाव्या शतकापासून छायाचित्रावर अपारदर्शक रंग चढवण्याची प्रथा होती, आणि तिच्यात हात लपवण्याचा प्रयत्नच नव्हता. दागिना सोन्यासारखा झळकावा आणि माणूस प्रतिष्ठित दिसावा हे तिचे उघड प्रयोजन होते. तो प्रामाणिक वेगळा मार्ग होता, आणि त्याला अनैसर्गिक म्हणून नावे ठेवणे म्हणजे लावणीला ख्यालाचे नियम लावण्यासारखे होईल.

विसाव्या शतकातील वृत्तछायाचित्राला जो सहजपणा लाभला, त्याचे श्रेय छायाचित्रकारांच्या नीतीला देण्याची प्रथा आहे. त्यातला काही वाटा निव्वळ आकाराचा होता, हे फारसे कोणी बोलत नाही. ३५ मिलिमीटर फिल्मची एक चौकट २४ बाय ३६ मिलिमीटरची, म्हणजे मोठ्या टपाल तिकिटाएवढी असते, आणि तीत चेहरा मुगाएवढा असेल तर पेन्सिलीने काय करणार? त्यामुळे हस्तक्षेप निगेटिव्हवरून निघाला आणि अंधाऱ्या खोलीतील एन्लार्जरखाली, म्हणजे प्रत मोठी करणाऱ्या यंत्राखाली आला. तेथे दोनच मुख्य क्रिया होत्या : तारेच्या टोकावरील पुठ्ठ्याच्या चकतीने कागदाच्या एखाद्या भागावरचा उजेड काही सेकंद अडवून तो भाग फिका ठेवणे, म्हणजे डॉजिंग, आणि मुठीच्या फटीतून किंवा भोकाच्या पुठ्ठ्यातून जास्तीचा उजेड देऊन एखादा भाग गडद करणे, म्हणजे बर्निंग. हात सतत हलता ठेवावा लागे, नाहीतर सावलीची कड कागदावर उमटे. १९९० साली थॉमस आणि जॉन या नोल बंधूंच्या फोटोशॉपची पहिली आवृत्ती बाजारात आली. फोटोशॉपमध्ये या दोन क्रियांसाठी वापरली गेलेली तारेवरची चकती आणि अर्धवट मिटलेली मूठ ही चिन्हे, एन्लार्जर कधी पाहिलाच नाही अशा पिढीच्या बोटांखाली आजही आहेत.

डोरोथिया लँगच्या १९३६ मधील ‘मायग्रंट मदर’ या छायाचित्राची कथा येथे विशेष बोलकी ठरते. कॅलिफोर्नियातील निपोमो येथे टिपलेल्या या चित्रात उजव्या खालच्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेला अंगठा आला होता. तीन वर्षांनी लँगने तो निगेटिव्हवर पुसून घेतला, आणि ज्या सरकारी छायाचित्रण-विभागासाठी ते टिपले होते त्याचे प्रमुख रॉय स्ट्रायकर यांना ते मुळीच रुचले नाही. दस्तऐवजाच्या दृष्टीने स्ट्रायकर यांचे म्हणणे रास्तच होते. कलेच्या दृष्टीने मात्र गंमत अशी, की चांगल्या प्रतीत त्या जागी अंगठ्याची पुसट भुतासारखी खूण अजून दिसते, आणि खांबावर एकाएकी पसरलेला तो धूसर डाग एकदा नजरेत भरला की अंगठा असता तर त्याकडे लक्षही गेले नसते असे वाटू लागते.

संगणकाने ही खूण न उरण्याची सोय केली. १९९४ मध्ये फोटोशॉपमध्ये थर आले, म्हणजे मूळ चित्राला हात न लावता त्यावर पारदर्शक पत्रे ठेवून बदल करता येऊ लागले. २००२ मध्ये शेजारचा पोत उचलून डाग भरणारा हीलिंग ब्रश आला, आणि २०१० मध्ये वगळलेल्या वस्तूची जागा आजूबाजूच्या तपशिलावरून आपोआप भरणारी सोय आली. बदल उलटवता येऊ लागल्यावर खरे तर संयम वाढायला हवा होता. प्रत्यक्षात घडले ते वेगळेच : चूक फुकट झाल्यामुळे अतिरेकही फुकट झाला. मार्च २००८ च्या अमेरिकन ‘व्होग’च्या एकाच अंकात जाहिराती, फॅशनची पाने आणि मुखपृष्ठ मिळून १४४ छायाचित्रांवर पास्कल डांजँ या एकाच रिटचरचा हात फिरलेला होता, यावरून त्या काळच्या मागणीची कल्पना यावी. तो हात बहुतांशी दिसत नव्हता. पण न दिसणाऱ्या हातानेही शरीराचे प्रमाण बदलता येते, आणि तेथे कारागिरीची सौम्यता फसवणुकीच्या सोयीची होते. २०१२ मध्ये इस्राएलने, २०१७ पासून फ्रान्सने आणि २०२२ पासून नॉर्वेने जाहिरातीतील शरीर बदललेल्या छायाचित्रांवर तशी सूचना छापणे बंधनकारक केले, ते याच टप्प्यावर.

वृत्तछायाचित्राच्या जगात वाद निराळ्या वळणाने गेला. वर्ल्ड प्रेस फोटोच्या २०१३ च्या विजेत्या छायाचित्रावर, म्हणजे पॉल हान्सन यांनी गाझामध्ये टिपलेल्या अंत्ययात्रेवर, अनेक चित्रे जोडल्याचा आरोप झाला. तज्ज्ञांनी मूळ फाइल तपासल्यावर जोडकाम आढळले नाही, उजेड आणि रंग यांत फेरफार मात्र आढळला. २०१५ मध्ये त्याच स्पर्धेच्या उपांत्य फेरीतील सुमारे २० टक्के छायाचित्रे संस्करणातील नियमभंगामुळे बाद झाली. नियम काढणे-घालणे यावर बोलतात आणि ते योग्यच आहे. परंतु गल्लीतील साध्या उजेडाला चित्रपटाच्या पोस्टरचा उजेड बनवणे नियमात बसते की नाही यावर परीक्षकांचे एकमत होत नाही, कारण तो प्रश्न नीतीइतकाच रसिकतेचा आहे आणि त्यासाठीची समीक्षेची भाषा तयारच झालेली नाही.

महाराष्ट्रात या कलेची सर्वांत मोठी कार्यशाळा म्हणजे लग्नाचा करिझ्मा, म्हणजे पुस्तकासारखा छापलेला, अल्बम, आणि तिच्याकडे समीक्षकांनी ढुंकूनही पाहिलेले नाही. हळदीच्या एकाच चित्रात कारागिरापुढे किती पेच असतात ते पाहण्यासारखे आहे. संस्करणाच्या प्रणालीत रंगांचे पट्टे वेगवेगळे हाताळता येतात, पण माणसाची त्वचा, मग ती गोरी असो वा सावळी, मुख्यत्वे नारिंगी पट्ट्यात येते आणि हळद त्याला लागून असलेल्या पिवळ्या पट्ट्यात. मांडवाच्या पिवळ्या कापडावरून परतलेला उजेड कपाळावर पडलेला असतो, म्हणून त्वचा स्वच्छ करण्यासाठी पिवळा उतरवावा तर गालावरची हळद बेसनासारखी निस्तेज होते. हळद खुलवावी तर सगळ्या पाहुण्यांना कावीळ झाल्यासारखे दिसते. उपाय एकच, आणि तो वेळखाऊ आहे : हळदीचा भाग मास्कने, म्हणजे बदलाची हद्द आखणाऱ्या आवरणाने वेगळा करायचा आणि कडा इतक्या मऊ ठेवायच्या की हळद त्वचेवर लेपलेली दिसावी, चिकटवलेली दिसू नये. हजार चित्रांच्या कामात एवढा वेळ कोण देणार, म्हणून तयार प्रीसेट, म्हणजे आधीच ठरवलेल्या बदलांचा साचा, सर्वांवर एकसारखा चढवला जातो. त्यातच नवरीचा चेहरा तेवढा उजळला जातो, मान आणि मेंदीचे हात मूळच्या रंगावर राहतात, आणि एकाच अंगावर दोन वेगळ्या माणसांची कातडी दिसते. यात तांत्रिक ढिलाई आहेच, पण त्याखाली गोरेपणाचा हट्ट आहे, आणि तो यंत्रातही मुरलेला होता : रंगीत फिल्मच्या काळात छपाईचे प्रमाण ठरवण्यासाठी वापरली जाणारी नमुना-कार्डे दीर्घकाळ गोऱ्या स्त्रीच्या चित्राचीच असत.

मोबाइलने निर्णयाची वेळच अलीकडे ओढली आहे. बटण दाबताच तो अनेक चौकटी टिपून त्यांची एक करतो, सावल्या उचलतो, आकाश राखतो आणि पुष्कळदा चेहराही गुळगुळीत करतो. सौम्य संस्करणाचा अभ्यास करणाऱ्याच्या हाती येते ते आधीच संस्कारित झालेले चित्र. त्यामुळे आजचे सूक्ष्म कौशल्य बरेचदा भर घालण्यापेक्षा यंत्राने घातलेले काढण्यात खर्च होते : हरवलेली सावली परत बसवणे, कडांभोवतीची कृत्रिम धार बोथट करणे, पोत परत आणणे. यासाठी कारागीर काही साध्या सवयी पाळतात. २०० टक्के मोठे करून काम केल्यावर ते चित्र पोस्टकार्डाएवढे करून पाहतात, आरशासारखे उलटे करून पाहतात, रात्रीचे काम सकाळी उघडतात आणि बदलाच्या थराची अपारदर्शकता निम्म्यावर आणतात. ही शेवटची सवय उपयोगी असली तरी तिला तत्त्वाचा दर्जा देणे धोक्याचे आहे. चुकीच्या दिशेने पडलेली सावली निम्मी केली म्हणून योग्य दिशेची होत नाही.

या कलेची समीक्षा होत नाही, याला समीक्षकांच्या उदासीनतेखेरीज एक भौतिक कारणही आहे. मॅग्नम या छायाचित्र-संस्थेच्या न्यूयॉर्कच्या अंधाऱ्या खोलीत पाब्लो इनिरिओ यांनी केलेल्या चाचणी-प्रती उपलब्ध आहेत. डेनिस स्टॉक यांनी १९५५ मध्ये टाइम्स स्क्वेअरच्या पावसात टिपलेल्या जेम्स डीनच्या चित्रावर पेनाने काढलेली वेटोळी आणि त्यांत लिहिलेले आकडे दिसतात, आणि कोणत्या जागी उजेड किती अडवायचा किंवा वाढवायचा याचा सगळा हिशेब त्यावरून वाचता येतो. अंतिम प्रतीत यातले एकही वेटोळे दिसत नाही. डिजिटल कामात ही जागा थरांनी घेतली आहे, आणि ते थर, प्रत्येक मास्कच्या कडेसकट, अभ्यासाला मिळाले तर रिटचरच्या शैलीवर पुस्तके लिहिता येतील. परंतु फाइल ग्राहकाकडे पाठवण्यापूर्वी ‘फ्लॅटन’ ही आज्ञा देण्याची रीत आहे, तीत सगळे थर एकात मिसळतात, आणि अल्बम छापून झाला की डिस्कवर जागा करण्यासाठी थरांची मूळ फाइलही पुसली जाते.