‘पिक्चरेस्क’चा प्रतिशब्द

इंग्रजी ‘पिक्चरेस्क’ला ‘नयनरम्य’ म्हणून आपण मोकळे होतो. या प्रतिशब्दात डोळा आला, पण चित्र निसटले. आणि मूळ विशेषणाचा सारा जीव त्या चित्रात आहे. विल्यम गिल्पिनने १७८२ साली वाय नदीच्या प्रवासवर्णनात स्थळे पारखली, ती चित्रात कितपत शोभतील या एकाच कसोटीवर. टिंटर्न मठाचे भग्न त्रिकोणी माथे त्याला फार रेखीव वाटले, तेव्हा हातोडा बेताने चालविल्यास बरे, असे त्याने सुचविले! त्या काळचे रसिक तर देखाव्याकडे पाठ करून काळसर, फुगीर आरशातले त्याचे प्रतिबिंब न्याहाळीत. मठाच्या अवशेषांत राहणारी दरिद्री माणसे गिल्पिनने पाहिली, नोंदविली. विशेषण मात्र तसेच राहिले.

बदलीच्या गावाहून घरी पत्र लिहिताना पडक्या वाड्यांना, गळक्या झोपड्यांना आपणही ‘नयनरम्य’ ठरवितो. कोणाच्या नयनांना, हे तो शब्द सांगत नाही. ‘चित्रोपम’मध्ये निदान पाहणारा चौकटीबाहेर उभा आहे, याची कबुली आहे. शब्द थोडा जड आहे खरा. तरी मी तोच पत्करीन.