हाबाकी

जपानी तलवारीच्या पात्याच्या मुळाशी, हस्तत्राणाच्या (त्सुबा) लगत पुढे घट्ट बसविलेली धातूची गळपट्टी. ‘काताना’ या लांब तलवारीवर तिची उंची सामान्यतः २·५ ते ३ सेंमी. असते. पिंढरीभोवती गुंडाळावयाच्या पट्ट्यालाही जपानी भाषेत ‘हाबाकी’ असेच म्हणत; पात्याच्या पायाशी वेढून बसणाऱ्या या वस्तूला ते नाव शोभून दिसते. तलवारीच्या साजातील त्सुबा, मुठीवरील उठावाची पदके (मेनुकी) इ. घटकांना जगभर रसिक लाभले. त्यांवर अनेकदा कारागिरांच्या नाममुद्रा असतात, त्यांच्या घराण्यांचा इतिहास लिहिला गेला आहे आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पाश्चात्त्य संग्राहकांनी ते मोठ्या प्रमाणावर जमविले. हाबाकीवर मात्र बहुधा कोणाचेही नाव नसते. त्यामुळे तिच्याविषयी दोन परस्परविरुद्ध गैरसमज रूढ झाले : एक, ती केवळ उपयुक्त खीळ होय; दुसरा, ती सोन्याचांदीचा एक सुटा दागिना होय. हाबाकीचे सौंदर्य या दोहोंच्या मध्ये आहे. ती एकाच पात्यासाठी घडविलेली वस्तू असल्यामुळे त्या पात्याच्या संदर्भातच तिचे मूल्यमापन होऊ शकते.

रचना व कार्य : भारतीय तलवारीचे पाते मुठीत राळेने वा लाखेने कायमचे पक्के केलेले असते. याउलट जपानी तलवार पूर्णपणे सुटी करता येते. पात्याचा मुठीत शिरणारा भाग (नाकागो) आणि मूठ यांना आरपार जोडणारी बांबूची एक लहानशी खुंटी (मेकुगी) काढली, की मूठ, चकत्या, त्सुबा व हाबाकी ही क्रमाने निघून येतात. अशा सुट्या रचनेत प्रत्येक घटकाला आपल्या जागी घट्ट धरून ठेवणारा आधार लागतो. नाकागो जेथे सुरू होतो, तेथे पात्याच्या धारेकडे व पाठीकडे एकेक खाच (माची) असते. नाकागोच्या टोकाकडून चढविलेली हाबाकी या खाचांशी येऊन थांबते आणि तिच्या मागे त्सुबा टेकते.

तिचे दुसरे कार्य म्यानाशी निगडित आहे. हाबाकी किंचित पाचरीसारखी, म्हणजे त्सुबाकडे जाड व पात्याकडे निमुळती असते. तलवार म्यानात सारली, की ही पाचर म्यानाच्या तोंडात दाटून बसते आणि पाते आतील लाकडाला धारेने वा अंगाने न घासता जणू अधांतरी राहते. म्यान उलटे केले, तरी तलवार गळून पडत नाही. ती उपसण्यापूर्वी अंगठ्याने त्सुबा पुढे रेटून ही पकड सोडवावी लागते. म्यानाचे तोंड बंद राहिल्याने आत दमट हवा व धूळ शिरण्यासही अडथळा होतो. हाबाकी सैल असेल, तर पाते म्यानात खडखडते व त्यावर ओरखडे उमटतात. फाजील घट्ट असेल, तर म्यानाचे तोंड तडकते. धारेकडील खाच कठीण पोलादाची व म्हणून ठिसूळ असते. तिच्यावर हाबाकीचा अवाजवी दाब आल्यास तिचा टवका उडण्याचा धोका असतो. तेव्हा हाबाकीतील दोष अखेरीस पात्याच्या अंगावर उमटतो.

घडण : आरंभीच्या काळात पाते घडविणारा लोहारच हाबाकीही करीत असे व ती पुष्कळदा लोखंडाची असे. पुढे हे काम ‘शिरोगाने-शी’ (शब्दशः रजतकार) या स्वतंत्र कारागिरांकडे गेले. तांब्याचा तुकडा तापवून मऊ करतात, ठोकून त्याला उतरती जाडी देतात व नाकागोभोवती दुमडतात. दोन्ही टोके धारेच्या बाजूस जेथे मिळतात, तेथे धातूचा एक लहान पाचरवजा तुकडा (माचिगाने) ठेवून चांदीमिश्रित झाळ देऊन ती सांधतात. त्यानंतर खरे कौशल्याचे काम सुरू होते. पात्यावर चढवून हलक्या हाताने ठोकणे, उतरविणे, कानशीने घासणे आणि पुन्हा चढविणे, असे करीत हाबाकीचा आतला भाग पात्याच्या प्रत्येक उंचसखलपणाशी जुळवून घेतला जातो. दोन पाती तंतोतंत सारखी नसतात. त्यामुळे एका पात्याची हाबाकी दुसऱ्यावर नीट बसत नाही. त्सुबा एका तलवारीवरून दुसरीवर नेता येते, हाबाकी नेता येत नाही.

कामाच्या क्रमावरूनही तिचे स्थान कळते. शिकलगार नव्या पात्याला प्राथमिक झिलई देतो. मग हाबाकी बनते. तिच्या मापाने म्यान कोरले जाते आणि त्यानंतर पात्याची अंतिम झिलई होते. म्हणजे लोहार, शिकलगार आणि म्यानकार यांच्या कामांचा सांधा हाबाकीत असतो.

प्रकार, धातू व अलंकरण : हाबाकीचे एकसंध (हितोए) आणि दुहेरी (निजू) असे दोन मुख्य प्रकार आहेत. दुहेरी हाबाकीत आतील पट्टीवर खालच्या अंगाने आणखी एक आवरण चढवितात. त्याला ‘हाकामा’ या घोळदार जपानी वस्त्राचे नाव आहे. वरचा भाग सोनेरी आणि खालचा रुपेरी वा काळा, अशी रंगसंगती या प्रकारात साधता येते.

गाभा बहुधा तांब्याचा असतो. त्यावर सोन्याचा किंवा चांदीचा पातळ पत्रा मढवितात (किसे). हा मुलामा नव्हे, तर स्वतंत्र पत्र्याचे आवरण होय. संपूर्ण सोन्याची वा चांदीची हाबाकी (मुकू) विरळा आढळते. याशिवाय दोन खास जपानी मिश्रधातू वापरतात. तांब्यात अल्प प्रमाणात सोने मिसळून केलेल्या ‘शाकुदो’ला रासायनिक संस्काराने निळसर काळी झाक येते, तांबे व चांदी यांच्या ‘शिबुइची’ला करडी छटा येते. ‘शिबुइची’ या नावाचा अर्थ ‘एक-चतुर्थांश’ असा असला, तरी प्रत्यक्षातील चांदीचे प्रमाण कमीअधिक असते.

अलंकरणाचे सर्वांत साधे साधन म्हणजे कानशीच्या व टोच्याच्या रेघा. बारीक उभ्या ओरखड्यांना ‘नेकोगाकी’ (मांजरीचे ओरखडे), तर तिरप्या तुटक रेघांना ‘शिगुरे’ (हिवाळ्याच्या तोंडाशी येणारी पावसाची सर) अशी नावे आहेत. कागा प्रांताच्या, म्हणजे मायेदा सरदार घराण्याच्या राज्यातील परंपरेच्या हाबाकींवर या रेघांचा विशेष सुंदर उपयोग आढळतो. एदो काळात (१६०३–१८६८) सरदार घराण्यांची कुलचिन्हे (मोन) उठावात किंवा कोरीव कामात घालण्याचाही प्रघात होता.

रसग्रहणाची गमके : हाबाकी पाहताना प्रथम नजरेत भरते ते सोने आणि नक्षी. प्रत्यक्षात गमकांचा क्रम याच्या उलट आहे. पहिले गमक म्हणजे बसणी. पाते व हाबाकी यांच्यामध्ये फट दिसता कामा नये. पात्याच्या दोन्ही अंगांवरून जाणारा उंचवटा (शिनोगी) हाबाकीवर खंड न पडता पुढे गेलेला दिसला पाहिजे आणि पाठीचा उतारही तसाच चालू राहिला पाहिजे. चांगली हाबाकी पात्यावर अडकविल्यासारखी न दिसता त्यातूनच उगवल्यासारखी वाटते.

दुसरे गमक प्रमाणाचे. पात्याचा हाबाकीलगतचा भाग (हाबाकी-मोतो) जाणकाराच्या दृष्टीने फार महत्त्वाचा असतो. पाणी दिलेल्या धारेची रेषा (हामोन) तेथून सुरू होते. आगीत सापडलेल्या पात्याला पुन्हा पाणी दिले असल्यास त्याची खूणही अनेकदा तेथेच सापडते. काही पात्यांवर याच भागात बौद्ध देवतांची सिद्धम् लिपीतील बीजाक्षरे (बोंजी) कोरलेली असतात. वाजवीपेक्षा उंच हाबाकी हे सारे झाकून टाकते, तर फार आखूड हाबाकी म्यानाच्या तोंडात पुरेशी पकड घेत नाही. जुनी लांब पाती पुढे मागील अंगाने आखूड केली गेली (सुरिआगे), तेव्हा खाचा वर सरकल्या आणि पूर्वी उघडे असलेले कोरीव काम नव्या हाबाकीखाली गेले. अशा पात्यासाठी हाबाकी करणाऱ्याला काय उघडे ठेवावे आणि काय झाकावे, याचा कलात्मक निर्णय करावा लागतो.

तिसरे गमक रंगाचे. झिलई केलेल्या पोलादाच्या थंड, पांढुरक्या तेजाला सोन्याची उबदार कडा उठाव देते. परंतु तेच सोने अति लखलखीत असेल, तर शांत, सूक्ष्म पोताचे पाते त्याच्यापुढे निस्तेज भासते. अशा पात्याला चांदीची किंवा काळसर झालेल्या तांब्याची साधी हाबाकी अधिक न्याय देते. नक्षीचा विचार यानंतर येतो. नेकोगाकीच्या रेघा सम अंतरावर आणि सम खोलीच्या असणे हे हाताच्या स्थैर्याचे लक्षण होय; पण त्या रेघांनी पात्याकडे जाणारी नजर रोखून धरली, तर तो दोषच मानावा लागतो. ठळक कुलचिन्हांनी भरलेल्या काही हाबाकी पाहता त्यांतून मालकाचा दर्जा कळतो, पाते मात्र मागे पडते. त्यांचे ऐतिहासिक मूल्य निर्विवाद आहे. कलादृष्ट्या त्या एखाद्या निरलंकृत, अचूक बसलेल्या तांब्याच्या हाबाकीहून श्रेष्ठ ठरतीलच असे नाही.

संग्रह व जतन : १८७६ च्या आज्ञेने सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगण्यास सर्वसाधारण बंदी झाली आणि तलवारीचा साज करणाऱ्या कारागिरांचा आश्रय संपुष्टात आला. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४५ पासून, दोस्तांच्या लष्करी अंमलात तलवारी जमा करण्यात आल्या. कलावस्तू म्हणून त्यांचे रक्षण व्हावे यासाठी झालेल्या प्रयत्नांतून १९४८ मध्ये जपानी कलात्मक तलवारींचे जतन करणारी संस्था स्थापन झाली. तिचे संग्रहालय टोकिओ येथे १९६८ पासून असून २०१८ मध्ये ते र्‍योगोकु भागातील नव्या वास्तूत गेले. संस्थेच्या कारागिरांसाठीच्या स्पर्धाप्रदर्शनात हाबाकीचा ‘शिरोगाने’ हा विभाग असतो. या कलेला स्वतंत्र मान्यता मिळाल्याचे ते द्योतक आहे.

तथापि प्रदर्शनाच्या पद्धतीमुळे तिची उपेक्षाही होते. नाकागोवरील नाममुद्रा दिसावी म्हणून संग्रहालयांत पाती बहुधा हाबाकी उतरवूनच मांडतात. एरवी पाते साध्या लाकडी म्यानात (शिरासाया) ठेवलेले असते. तेथे त्सुबा व इतर साज नसतो आणि सर्व अलंकार उतरविल्यावरही पात्यासोबत एकटी हाबाकीच राहते.

खरा धोका दोन बाजूंनी आहे. सुंदर हाबाकी पात्यापासून वेगळी काढून सुटी विकली जाते, तेव्हा पात्याचा आधार जातो आणि हाबाकीचा अर्थही जातो. आतल्या पोकळीचा वेडावाकडा आकार कोणत्या पात्याचा, हे सांगणारे काहीच उरत नाही. उलटपक्षी, पात्याला नव्याने झिलई करताना जुनी हाबाकी निकामी समजून टाकून देतात व चकचकीत नवी चढवितात. अशा वेळी पात्याच्या इतिहासातील एक पान नाहीसे होते. कारण जुन्या हाबाकीच्या आकारावरून, धातूवरून आणि रेघांवरून ते पाते कोणत्या प्रांतात, कोणत्या घराण्याकडे होते, याचा कधीकधी माग लागू शकतो. जुनी झिजली असली तरी तिची डागडुजी करावी आणि ती बदलणे अपरिहार्यच असेल, तर ती पात्याबरोबर जपून ठेवावी, हाच विवेकी मार्ग होय.

हाबाकीच्या मूल्यमापनातून उपयोजित कलेविषयीचे एक व्यापक तत्त्व हाती येते. एखाद्या वस्तूचे सौंदर्य तिच्या अलंकरणापेक्षा, ती दुसऱ्या वस्तूला किती निर्दोषपणे सांभाळते, यात असू शकते. अनामिक शिरोगाने-शीने पात्याच्या अंगावर वारंवार चढवून-उतरवून साधलेली बसणी हीच त्याची नाममुद्रा होय. ती वाचता येते, परंतु हाबाकी आपल्या पात्यावर असेपर्यंतच.